दुसरा लिफ्टर

गावंड सरांचं व्हॉलीबॉल साधं होतं:
चेंडू उंच लाव, एवढा उंच
की खाडीकडच्या टॉवरचा लाल दिवा त्याच्या मागे लपावा,
मग श्रीरंगला त्याची तीन पावलं घेऊ दे.
घाई ज्याचा बर्फ वितळतोय त्याला, म्हणायचे,
आपल्याला कसली?

त्या खेळात मी पहिला होतो.
ऐरोलीच्या कॉलेजात, कॅन्टीनमागच्या कोर्टवर,
जिथली माती मोज्यांतून आईच्या बादलीपर्यंत जायची,
माझ्या बोटांतून चेंडू आवाज न करता सुटायचा.
सर डोळे मिटून ऐकायचे.
"भोपी, काही ऐकू आलं नाही. शाब्बास."

नौशाद काझी दुसरा.
त्याचा चेंडू टाळी वाजल्यासारखा निघायचा,
दहातले तीन जाळीत, एखादा पंचांच्या शिडीवर.
दोन वर्षं त्याने पाण्याच्या बाटल्या भरल्या
आणि मला तो फार आवडायचा.
दुसरा असतो तोवर माणूस आवडतोच.

मग सरांचा गुडघा गेला.
तांबोळी मॅडम आल्या, गळ्यात शिट्टी नाही, स्टॉपवॉच.
पहिल्याच दिवशी जाळीच्या वर हातभर अंतरावर
त्यांनी एक सुतळी ताणून बांधली.
चेंडू हिच्याखालून.
"उंच चेंडू म्हणजे समोरच्याला पाठवलेलं पत्र.
त्याचं वाचून होतं, मग तो ब्लॉकला उभा राहतो."

एका सकाळी मी ती सुतळी चौतीस वेळा हलवली.
नौशादने सहा.

पंधरा दिवस वही चालली, दोन रकाने, आमची नावं.
सायकल स्टँडवर तो आधी दिसला
की मी नळाशी उगाच थांबायचो.
कोण चांगला, हा प्रश्न वहीत नव्हताच.
कसं खेळायचं ते आधी ठरलं होतं,
मग त्या मापाचे हात शोधायचे होते.
शर्ट शिवून तयार,
माझ्या अंगाला फक्त लावून बघितला.

मॅडम स्पष्ट बोलल्या, त्याचा राग नाही:
"हात तुझेच चांगले आहेत.
पण मला तो खेळ खेळायचा नाहीये."
घरी बाबांना सांगितलं.
ते म्हणाले, रबाळ्याला नवीन मशीन आलं
तेव्हा मलाही हेच सांगितलेलं, थोडं गोड करून.
आणि त्यांच्या ताटातली कोलंबी माझ्या ताटात सरकवली.

ठाण्यात, तिसरा सेट, बारा-तेरा.
पहिला पास वाकडा, पार आमच्या बाकापर्यंत.
नौशाद धावत आला, जाळीकडे पाठ,
क्विक शक्य नाही, काहीच शक्य नाही.
त्याने गुडघे वाकवले, मनगटं मागे नेली
आणि थांबला.
ते थांबणं माझं होतं.
डाव्या अंगठ्याची ती जराशी ढिलाईसुद्धा.
दुसऱ्याच्या पायात आपला बूट ओळखावा तशी मी ओळखली.
कधी बघत होता हा? बाटल्या भरताना?

चेंडू आवाज न करता वर गेला,
हॉलच्या पंख्यांजवळ, सुतळी असती तर
तिला तो वरून दिसलाही नसता.
श्रीरंगने तीन पावलं घेतली,
त्या वर्षात पहिल्यांदा, पुरी तीन,
आणि बाहेर मारला. बोटभर.

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं.
कुठल्या रकान्यात ते बाकावरून दिसलं नाही.
पुढची सर्व्हिस आमच्यात पडली आणि संपलं.

परतीच्या बसमध्ये, कळव्याच्या पुलावर, तो म्हणाला,
"उंची कमी पडली का रे?"
मी बराच वेळ खाडीकडे बघत राहिलो.
"चार बोटं," म्हणालो.
ते खरं होतं का, हे मी अजून ठरवलेलं नाही.
त्याने बोटांवरची चिकटपट्टी सोडवली, गोळा केला
आणि न बघता माझ्या हातात ठेवला,
दोन वर्षं मी त्याच्या हातात ठेवायचो
तसाच.